घरच्या कॉम्प्युटरला ऑपरेटिंग सिस्टीम कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० ची मुदत संपल्यापासून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. ते शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे नक्की काय? क्रोम म्हणजे तीच ना?

नाही. क्रोम किंवा फायरफॉक्स हे ब्राउझर. ब्राउझर, प्रिंटर, पेनड्राइव्ह, वायफाय, स्क्रीन या सगळ्यांना एकत्र नांदवणारा खालचा थर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज, मॅकओएस, लिनक्स आणि क्रोमओएस ही त्यातली घराघरांत भेटणारी नावं. लिनक्स ही एकच वस्तू नाही. उबुंटू, मिंट, फेडोरा असे तिचे अनेक संच मिळतात.

२. मी फक्त यूट्यूब, जीमेल, नेटबँकिंग आणि व्हॉट्सॲप वापरतो. मला काय फरक पडणार?

जवळजवळ काहीच नाही. ही सगळी कामं ब्राउझरमध्ये होतात आणि ब्राउझर सगळीकडे तोच असतो. लिनक्ससाठी व्हॉट्सॲपचं अधिकृत ॲप नाही, पण ब्राउझरमधलं व्हॉट्सॲप वेब चालतं. चित्रपट दाखवणाऱ्या काही सेवा लिनक्सवर चित्राचा दर्जा कमी ठेवतात. मोठ्या पडद्यावर बघणाऱ्यांना ते जाणवतं, चौदा इंची लॅपटॉपवर फारसं नाही.

अट एकच, ब्राउझर ताजा हवा, आणि तो ताजा राहतो की नाही हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३ च्या जानेवारीतली. त्यापुढे क्रोम सरकतच नाही.

३. मग फरक पडतो तो कुठे?

यूएसबीच्या भोकात आणि एखाद्या हट्टी प्रोग्रॅममध्ये. वापरात येणाऱ्या नव्वद गोष्टी कुठेही चालतात. उरलेल्या दहांपैकी एखादी अडते, आणि नेमकी तीच पोटापाण्याची असते. म्हणून ‘कोणती सिस्टीम चांगली’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. आठवडाभर एका कागदावर लिहीत जा: मशीनला कोणती वस्तू जोडली, ब्राउझरबाहेरचा कोणता प्रोग्रॅम उघडला, बाहेरून आलेली कोणती फाइल उघडली. त्या कागदावर टॅली, डिजिटल सहीचं टोकन, जुना लेझर प्रिंटर, श्रीलिपी (जुने मराठी फॉन्ट) किंवा मॅक्रो (आत साठवलेल्या, आपोआप चालणाऱ्या सूचना) असलेली एक्सेल फाइल यांपैकी काही आलं, तर निवड त्यानंच केलेली असते (प्र. ९ ते १२). कागद कोरा राहिला तर आवडेल ते घ्या.

४. विंडोज १० संपली म्हणतात. माझा कॉम्प्युटर बंद पडेल का?

बंद पडणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबली, इतकंच. मशीन पूर्वीसारखंच चालेल, पण नव्यानं सापडणारी भोकं बुजवली जाणार नाहीत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं एक वर्षाची वाढीव सुरक्षा नोंदणी ठेवली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. सेटिंग्ज, मग अपडेट अँड सिक्युरिटी, मग विंडोज अपडेट या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसतं. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडला की पैसे द्यावे लागत नाहीत.

‘एनरोल’ दिसतच नाही, अशी तक्रार नेहमी येते. कारण बहुधा दोनांपैकी एक: आवृत्ती २२एच२ (विंडोज १० ची शेवटची) नाही, किंवा खातं ॲडमिनचं नाही. ‘सेटिंग्ज, सिस्टीम, अबाऊट’ इथे आवृत्ती दिसते. जुनी असेल तर आधी २२एच२ वर या.

५. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालेल का? दुकानात नेल्याशिवाय कळेल का?

कळेल, पाच मिनिटांत. आधी प्रोसेसर बघा. इंटेल असेल तर आठवी पिढी किंवा पुढची हवी. ‘आय ५’ नंतरचा आकडा ७२०० असेल तर सातवी पिढी, म्हणजे नाही. ८२५० असेल तर आठवी, म्हणजे हो. १०२१० म्हणजे दहावी. इथे एक चकवा आहे: ११३५ हा चार आकडी असला तरी पहिल्या पिढीचा नाही, अकराव्या पिढीचा आहे.

मग टीपीएम बघा, म्हणजे मशीनमधली सुरक्षेची चिप. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा आणि रोमन अक्षरांत ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप करा. उघडलेल्या खिडकीत खाली ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०’ हवं. ‘टीपीएम सापडला नाही’ असं आलं तर लगेच मशीन भंगारात काढू नका. अनेक असेंबल केलेल्या पीसींमध्ये तो बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) नुसता बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या मदरबोर्डवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावानं शोधा आणि चालू करा. रॅम ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी ही कागदावरची किमान अट. प्रत्यक्षात ८ जीबी रॅमशिवाय विंडोज ११ च्या नादी लागू नये.

अटी चुकवून टाकण्याच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतातही, पण तशा मशीनला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. फार जुन्या प्रोसेसरवर २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या चिपमध्ये मुळातच नाहीत. तिथे युक्ती कामाची नाही.

६. मशीन फार मंद झालंय. लिनक्स टाकलं की पळायला लागेल ना?

आधी टास्क मॅनेजर उघडून ‘डिस्क’चा रकाना बघा. काही न करता तो १००% वर चिकटलेला असेल आणि आत फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर दोष डिस्कचा आहे. अडीच इंची, ७ मिमी जाडीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), २५६ जीबीची, बसवा. तेच मशीन त्याच सिस्टीमवर दुप्पट-तिप्पट चटपटीत वाटेल. रॅम ४ ची ८ केली तर आणखी. मदरबोर्डवर एम.२ ची खाच असेल तर खरेदीआधी ती साटाची आहे की एनव्हीएमईची (एसएसडी जोडण्याचे हे दोन प्रकार), हे मॉडेल नंबर टाकून तपासा. दोन्ही कार्डं दिसायला सारखी असतात आणि चुकीचं कार्ड खाचेत बसलं तरी मशीनला ते दिसत नाही.

एवढं करूनही विंडोज ११ ला मशीन पात्र नसेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्ती आहे. एक गोष्ट मात्र लिनक्सवाले मित्र सांगत नाहीत. क्रोमचे वीस टॅब लिनक्सवरही तितकीच रॅम खातात.

७. दुकानदार ‘डॉस’चा लॅपटॉप स्वस्तात देतोय आणि वर ‘विंडोज टाकून देतो’ म्हणतोय. घ्यावा का?

लॅपटॉप जरूर घ्या. ‘टाकून देतो’ला मात्र नाही म्हणा. डॉस म्हणजे फ्रीडॉस, थोडक्यात ‘विंडोजचा परवाना किमतीत धरलेला नाही’. दुकानात टाकून मिळणारी विंडोज बहुतेक वेळा खोट्या ॲक्टिव्हेटरवर (परवाना असल्याचा भास करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालते, आणि त्या ॲक्टिव्हेटरसाठी अँटिव्हायरस बंद केलेला असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स’ असं लिहिलेलं असेल तर सहसा ठीक. घरगुती लॅपटॉपवर ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेद्वारे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर विचारा, कोणती संस्था? ती पद्धत मोठ्या कार्यालयांसाठी आहे आणि तिची मुदत १८० दिवसांची असते. अशा मशीनवर नेटबँकिंग करू नका. परवाना विकत घ्या किंवा लिनक्स टाका.

८. लिनक्स न टाकता नुसतं वापरून बघता येतं का?

येतं, आणि बघावंच. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाईल), मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम असलेली एक फाइल) उतरवा आणि रूफस किंवा बलेनाएचर हा प्रोग्रॅम वापरून ती पेनड्राइव्हवर लिहा. फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर चालत नाही. सर्वाधिक लोक इथेच अडतात. मशीन चालू करताना बूट मेनू (कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी) उघडा: डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, एसरला एफ १२ (काही एसरमध्ये ती कळ आधी बायोसमधून चालू करावी लागते).

पेनड्राइव्हवरून सुरू झालं की हार्ड डिस्कला हात न लावता या गोष्टी तपासा: वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होणं आणि प्रिंटर. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा आणि सुचवलेला ड्रायव्हर (वस्तू आणि सिस्टीम यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम) घ्या.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये ‘इंटेल आरएसटी’ किंवा ‘रेड’ चालू असतं. ते ‘एएचसीआय’ करावं लागतं (डिस्क हाताळण्याच्या या वेगवेगळ्या पद्धती). पण विंडोज ठेवायची असेल तर आधी विंडोजमध्ये सेफ मोड (मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू होण्याची सोय) लावा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा आणि मग सेफ मोड काढा. क्रम उलटला तर विंडोज निळा पडदा दाखवून बसते.

९. मराठी टायपिंग कुठे चांगलं होतं?

आज तिन्हीकडे होतं. फरक आहे तो सवयीचा. विंडोजमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी जोडा आणि तिच्या पर्यायांत ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड घ्या. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून तो आतच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. लिनक्सवर ‘आयबस’ आणि ‘एम१७एन’ हे टायपिंगचे प्रोग्रॅम टाकले की मराठीसाठी फोनेटिक, आयट्रान्स, इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन असे चारही मिळतात. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेल्यांना ही शेवटची सोय फार उपयोगी पडते. मॅकवर देवनागरीचे इनस्क्रिप्ट आणि क्वर्टी मांडणीचे कीबोर्ड आहेत.

सिस्टीम बदलण्याची शक्यता असेल तर इनस्क्रिप्ट शिका. ती मांडणी भारतीय मानक आहे आणि सगळीकडे सारखी आहे. फोनेटिकचे नियम प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे घर बदललं की बोटं चुकतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक फोनेटिकमध्ये हमखास अडतो. इनस्क्रिप्टमध्ये तो सरळ आहे. ‘दऱ्या’साठी ओ या कळीवर द, शिफ्ट धरून जे वर ऱ, डी वर हलन्त, तिरक्या रेघेच्या कळीवर य आणि ई वर काना. शिफ्ट धरून एन दाबलं की ळ.

एक बारीक खोच: ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे लिहिलं जातं. युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकात) २००८ पासून ते स्वतंत्र अक्षर आहे, पण काही कीबोर्ड अ वर चंद्र ठेवून तेच उमटवतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधणाऱ्या यंत्राला वेगळे. ‘ॲप’ हा शब्द फाइलमध्ये समोर दिसतोय आणि शोधल्यावर सापडत नाही, तेव्हा कारण बहुतेक हेच असतं.

१०. जुन्या मराठी फाइली नव्या मशीनवर रोमन अक्षरांचा कचरा दाखवतात. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही. त्या फाइलीत मराठी अक्षरं कधी नव्हतीच. कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएमचे जुने फॉन्ट हे रोमन अक्षरांना देवनागरीचा मुखवटा घालतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द फॉन्ट नसलेल्या मशीनवर ई, जे, के, बी, एच अशा पाच रोमन अक्षरांत दिसतो. तोच फॉन्ट टाकला की मराठी परत दिसेल, मग सिस्टीम कोणतीही असो.

फॉन्ट टाकून दिसलं, तरी शोधणं, ईमेलमध्ये चिकटवणं, फोनवर वाचणं अडतंच. कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी, त्यामुळे कन्व्हर्टर त्याच नावाचा निवडा. श्रीलिपीची फाइल कृतिदेवच्या कन्व्हर्टरमधून काढली तर एका कचऱ्याचा दुसरा कचरा होतो. रूपांतरानंतर पहिली वेलांटी, रफार, ‘ऱ्य’ आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही ठिकाणं डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच साचतात. मूळ फाइल जपून ठेवा.

लग्नपत्रिका, दिवाळी अंक, अहवाल यांचं काम श्रीलिपी आणि पेजमेकरवर चालत असेल तर एक विंडोज मशीन राहू द्या. इथे लिनक्सचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

याहून साधी तक्रार म्हणजे फाइल युनिकोडची आहे, पण ओळी सरकल्यात आणि पानं वाढलीत. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट विंडोज १० पासून मूळ संचात नाहीत. ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घेतले की पानं जागेवर येतात.

११. माझा प्रिंटर चालेल का?

फोनवरून वायफायनं छापणारा, एअरप्रिंटची खूण असलेला प्रिंटर असेल तर कुठेही चालेल, बहुधा ड्रायव्हरशिवाय. डोकेदुखी आहे ती जुन्या टणक लेझर प्रिंटरांची. कॅनन एलबीपी २९०० गल्लोगल्ली दिसतो. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या खास भाषेतच बोलतो, म्हणून विंडोजवर निमूट चालतो आणि लिनक्सवर रडवतो. एचपी लेझरजेट १०२० ला प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर लागतं. लिनक्सवर एचपीलिप (एचपी प्रिंटरांचा ड्रायव्हर-संच) टाकल्यानंतर त्याचं वेगळं प्लगइनही घ्यावं लागतं. ते विसरलं की प्रिंटर ‘तयार’ दाखवतो आणि कागद हलत नाही.

१२. टॅली आणि डिजिटल सही विंडोजशिवाय जमेल का?

टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. लिनक्सवर ‘वाइन’मधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) चालवणारे आहेत, पण ३१ मार्चच्या रात्री तो खेळ कुणी खेळू नये.

सहीचं यूएसबी टोकन चालणं हे ते बनवणाऱ्याच्या ड्रायव्हरवर अवलंबून. वर पोर्टलचा सही करणारा छोटा प्रोग्रॅमही लागतो. दोन्ही तुमच्या सिस्टीमसाठी मिळतात का, हे टोकन घेण्याआधी विचारा. आणि टोकन मुळात लागतं का तेही बघा. पगारदार माणसाचं प्राप्तिकर विवरण आधारच्या ओटीपीनं पडताळता येतं, विवरण भरल्यापासून ३० दिवसांच्या आत. एकमालकी धंद्याला जीएसटीतही ओटीपीची वाट आहे. कंपनी आणि एलएलपी यांना मात्र टोकन लागतंच.

एक्सेलचे मॅक्रो असलेले सरकारी तक्ते लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिसच्या फुकट पर्यायात) उघडतात, पण त्यांची ‘व्हॅलिडेट’ वगैरे बटणं अनेकदा मुकी राहतात.

१३. मॅक घेतला आणि त्यात विंडोज टाकली तर दोन्हीचा फायदा मिळेल ना?

२०२० च्या नोव्हेंबरात एम १ चिप आली, तेव्हापासूनच्या मॅकवर नेहमीची विंडोज बसत नाही. पॅरलल्ससारख्या प्रोग्रॅममध्ये विंडोजची आर्म आवृत्ती (एम १ सारख्या चिपसाठी बनवलेली) चालते. साधे प्रोग्रॅम तिच्यात चालून जातात, पण ड्रायव्हरचं भाषांतर होत नाही. म्हणून टॅली उघडेल आणि त्याच वेळी टोकन किंवा जुना प्रिंटर ओळखला जाणार नाही. स्नॅपड्रॅगन चिपच्या विंडोज लॅपटॉपलाही हाच नियम लागू. बॅटरी उत्तम, पण जुन्या यूएसबी वस्तू जोडायच्या असतील तर दुकानातच जोडून बघा.

जुना इंटेल मॅक सेकंडहँड घेत असाल तर थांबा. २०२५ ची मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, तीही मोजक्याच मॉडेलांवर.

१४. नवाकोरा विंडोज लॅपटॉप, पण कोणताच प्रोग्रॅम टाकू देत नाही. बिघडलाय का?

तो एस मोडमध्ये आहे. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप बसतात. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावरून स्टोअरमध्ये जाऊन त्यातून बाहेर पडता येतं, फुकट. परत आत मात्र जाता येत नाही. कुणी यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

१५. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले. आता विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे का पडतं?

मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचते. फरक बरोबर ५ तास ३० मिनिटांचा. विंडोजमध्ये तारीख-वेळेच्या पानावर ‘सिंक नाऊ’ दाबलं की तात्पुरतं सुटतं. कायमसाठी लिनक्सला स्थानिक वेळ लिहायला सांगावं लागतं, ते एका आज्ञेचं काम आहे.

याचंच भावंड: लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिताच येत नाही. विंडोजचा ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असला की शटडाउन म्हणजे अर्धी झोपच असते, म्हणून लिनक्स त्या ड्राइव्हला हात लावत नाही. पॉवर ऑप्शन्समधून तो बंद करा.

१६. बायोसमध्ये काहीतरी बदललं आणि आता ४८ आकडी की मागतोय. डेटा गेला का?

गेला नाही, कुलूपबंद आहे. डिस्क एन्क्रिप्ट झालेली होती. मायक्रोसॉफ्ट खात्यानं नवीन मशीन सुरू केलं की हे पुष्कळदा आपोआप होतं आणि कुणाला कळत नाही. दुसऱ्या फोनवरून त्याच खात्यात जा, डिव्हाइसच्या यादीत ‘रिकव्हरी की’ असते. मशीन दुकानदारानं किंवा भाच्यानं सुरू करून दिलं असेल तर की त्यांच्या खात्यात असू शकते. आधी त्यांना विचारा. प्र. ५ किंवा ८ मधलं काहीही करण्याआधी ती की कागदावर उतरवून घ्या. कुठेच नसेल तर कोणताही तंत्रज्ञ ते कुलूप उघडू शकत नाही, फॉरमॅट एवढंच उरतं.

१७. लिनक्स आणि मॅकला व्हायरस लागत नाही, खरं ना?

कमी लागतो. पण ‘वीजबिल थकलंय’ म्हणून येणारी लिंक ब्राउझरमध्ये उघडते आणि ओटीपी माणूस स्वतः सांगतो. तिथे कोणतीच सिस्टीम आडवी येत नाही.

१८. आई-बाबा गावी, मी परदेशात. त्यांच्यासाठी काय ठेवू?

त्यांना आज जे वापरता येतं तेच. सिस्टीम बदलली की चिन्हांच्या जागा बदलतात आणि प्रत्येक जागा फोनवर समजावावी लागते. मशीन फार जुनं असेल आणि काम फक्त ब्राउझरचं असेल तर क्रोमओएस फ्लेक्स बघा. ४ जीबी रॅमवर चालतं, फुकट आहे, अपडेट स्वतःच घेतं. फोनवरची अँड्रॉइड ॲप मात्र फ्लेक्सवर येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवा.

दुरून मदत करायला क्रोम रिमोट डेस्कटॉप पुरतं. त्यात मदतीचा कोड आई-बाबांच्या स्क्रीनवर तयार होतो आणि तो त्यांनी तुम्हाला वाचून दाखवायचा. इतर कुणीही, बँकेचं नाव सांगूनही, असा कोड मागितला किंवा एखादं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा. ही एक ओळ मोठ्या अक्षरांत छापून स्क्रीनच्या खाली चिकटवून द्या.